मनात पाल चुकचुकते, पण अहवालात काय लिहायचं?

तळ्याकाठी (धागाकर्ती) | सोमवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. सांभाळून घ्या.

मी जिल्हा बाल संरक्षण कक्षात कंत्राटी सामाजिक कार्यकर्ती आहे. एखादं मूल बालकल्याण समितीपुढे आलं की समिती आम्हाला पाठवते. घरी जायचं, शेजारी आणि शाळेत चौकशी करायची, नमुना २२ मध्ये सामाजिक तपासणी अहवाल भरून १५ दिवसांत द्यायचा. मग समिती ठरवते, मूल घरी जाणार की बालगृहात राहणार की तिसरंच काही.

आता प्रश्न (तपशील बदललेत). नऊ-दहा वर्षांची मुलगी रेल्वे स्टेशनवर एकटी सापडली. आईवडील नाहीत, काका-काकूंकडे राहते. ते तिला न्यायला आलेत. घर पाहून आले. दोन खोल्या, संडास घरात, काकाला नोकरी, दारू नाही, मुलीचं नाव शाळेत, हजेरी बरी. नमुन्यातला एकही रकाना कुरकुरत नाही.

पण काका-काकू बालगृहात भेटायला आले तेव्हा मी तिथेच होते. काका आत आले तशी ती उठून उभी राहिली, ती भेट संपेपर्यंत बसलीच नाही. मी काही विचारलं की ती काकूच्या तोंडाकडे बघायची. काकू प्रश्न परत सांगायची, मग उत्तर. काकू कौतुकाने म्हणाली, "आमची लई शहाणी हाये, सांगितल्याबिगर बसत नाही." सगळे हसले. मला हसू आलं नाही.

वरिष्ठ म्हणतात, "वाटणं हा पुरावा नाही, रकाने भरा." बालगृहाच्या अधीक्षक मॅडमची हयात या कामात गेली, त्या म्हणतात, "मनाचं ऐक ग, कागद काय कुणीही भरतं." कुणाचं ऐकू?

---

गवतीचहा | रात्री १०.२५

अधीक्षक मॅडमना +१००. बाईचं मन चुकत नाही.

---

खडूस_काका | रात्री १०.३१

@गवतीचहा, हेच "न चुकणारं मन" पारध्यांच्या पालावर गेलं की काय सांगतं ते कधी विचारलंत? उघडं अंग, चूल बाहेर, पोरं धुळीत, म्हणजे दुर्लक्षित बालक. आणि दिवाणखान्यात शोकेस असली की चांगलं घर. धागाकर्तीला राग येईल, पण तिने दिलेली यादीही तीच आहे. दोन खोल्या, संडास, नोकरी. यातली मुलीबद्दलची माहिती किती आणि काकाच्या ऐपतीबद्दलची किती?

---

पाववडा | रात्री १०.३३

आलो, बसलो, चहा सांगितला.

---

व्यवस्थापक | रात्री १०.४०

सर्वांना विनंती. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख पटेल असं काही प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जिल्हा, स्टेशन, शाळा काही विचारू नका. "ताई, तुम्ही मराठवाड्यातल्या का" हा प्रतिसाद उडवला आहे.

---

जुनीजाणती | रात्री ११.१५

मी एका जिल्ह्यात बालकल्याण समितीची सदस्य होते, म्हणून जरा लांब लिहिते.

समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य. महिन्यातून निदान २० दिवस बसायचं असं कायदा म्हणतो. एका दिवसात पळून आलेला मुलगा, हॉटेलातून सोडवलेली पोरं, बाळ सोपवायला आलेली कुमारी माता, बालविवाहातून आणलेली मुलगी, सगळे एकाच बाकावर. यात "शांतपणे साधकबाधक विचार" कुठे बसवायचा ते ज्यांनी कायदा लिहिला त्यांनी एकदा येऊन दाखवावं. बरेचसे निर्णय मूल दारातून आत येईपर्यंतच मनात आकार घेतात. चप्पल आहे का, अंगावर काय आहे, कुणाचा हात धरलाय.

गंमत म्हणजे कायद्यालाही नुसती नजर चालते. कलम ९४ बघा. दिसण्यावरून मूल असल्याचं उघड असेल तर तसं निरीक्षण नोंदवा, अंदाजे वय लिहा आणि पुढे चला, कागदासाठी थांबू नका. शंका असेल तरच शाळेचा दाखला, तो नसेल तर पालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तोही नसेल तर हाडांची तपासणी. म्हणजे नजरेवर विश्वास ठेवा, पण काय पाहिलं ते लिहा. तळ्याकाठी, तुला हीच वाट घ्यायची आहे.

"मला संशय वाटतो" असं अहवालात लिहिलंस तर वरिष्ठ म्हणतात ते बरोबर, त्याची किंमत शून्य. "पूर्ण भेटीत मुलगी बसली नाही, प्रत्येक उत्तराआधी काकूकडे पाहिलं" हे निरीक्षण आहे. वेळ आणि तारीख घालून लिही. त्याचा अर्थ काय लावायचा ते समितीला ठरवू दे. अंतिम निर्णयाला निदान तीन सदस्य हजर लागतात ते याचसाठी.

आणि एक विचारते. मुलीशी एकटीशी कोण बोललं? काकू नसताना?

---

आकडेमोड्या | मंगळवार, सकाळी ७.५०

जुनीजाणती यांचा प्रतिसाद आवडला. त्यात भर.

या विषयावर मानसशास्त्रज्ञांचे दोन तट होते. डॅनियल काहनेमन म्हणायचे, तज्ज्ञांच्या अंतःप्रेरणेवर फार विसंबू नका. गॅरी क्लाइन अग्निशमन दलातल्या अधिकाऱ्यांचा अभ्यास करून म्हणायचे, अनुभवी माणसाला क्षणात कळतं आणि बरोबर कळतं. दोघांनी भांडण मिटवायला एकत्र बसून २००९ मध्ये लेख लिहिला. निष्कर्ष साधा होता. आतला आवाज विश्वासाचा ठरायला दोन गोष्टी लागतात. कामात काही नियमितपणा हवा, आणि आपला अंदाज बरोबर निघाला की चूक हे लवकर, स्पष्ट कळायला हवं. माणसाला किती खात्री वाटते याचा तो बरोबर असण्याशी फारसा संबंध नाही.

आता हे बालकल्याणाला लावा. आग विझली की नाही ते तासाभरात कळतं. मूल घरी पाठवलं, पुढे काय झालं?

---

जुनीजाणती | सकाळी ८.१०

नाही कळत. मोठं काही वाईट घडलं तर पेपरात कळतं. चांगलं झालं तर कुणी सांगायला येत नाही. मूल घरी गेल्यावर पाठपुरावा करायचा असतो, तो कागदावर होतोही, पण "तुम्ही अमुक ठरवलं होतं, ते असं निघालं" हे समितीपर्यंत क्वचितच येतं. शिवाय सदस्याची नेमणूक तीन वर्षांची. परीक्षा देत राहायची, निकाल लागायच्या आत शाळा सुटते.

---

आकडेमोड्या | सकाळी ८.१४

मग अधीक्षक मॅडमचा एवढ्या वर्षांचा अनुभव अनुभव आहे की सवय, हा माझा प्रश्न.

---

गवतीचहा | सकाळी ८.३०

सवय म्हणा की अनुभव, तुमचं मूल त्या काकाकडे ठेवाल का तेवढं सांगा.

---

नागपुरी_संत्री | सकाळी ९.०५

काय सांगू राजेहो, मी शाळेत मास्तर आहे. कायद्याचं मले काही समजत नाही. पण वर्गात एखादा पोट्टा एकाएकी गप्प झाला का समजते, याच्या घरी काहीतरी बिनसलं. दहातल्या पाचदा बाप आजारी असते, दोनदा मोबाईल फुटला असते. बाकीच्या वेळी मात्र गोष्ट खरीच वाईट राहते. मी बरोबर असलो त्या वेळाच मले याद राहतात, हे बायकोनं दाखवून देल्लं. आता वहीत लिहून ठेवतो.

---

आकडेमोड्या | सकाळी ९.२०

@नागपुरी_संत्री, तुमच्या सौंना आमचा नमस्कार सांगा. माझ्या अख्ख्या प्रतिसादापेक्षा त्यांनी जास्त सांगितलं.

---

टवाळ_पक्षी | सकाळी ११.०२

एवढी चर्चा कशाला. ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगा आणि सोडून द्या.

---

पाववडा | सकाळी ११.०४

😂😂 पुणेकर तुम्हाला शोधत येतील.

---

जुनीजाणती | सकाळी ११.४०

अवांतर, पण गैरसमज नको. मे २०२४ चं पुण्यातल्या कल्याणीनगरच्या गाडी अपघाताचं प्रकरण, ज्यात अल्पवयीन मुलाला जामिनासाठी निबंधाची अट घातली, ते बाल न्याय मंडळापुढे होतं. मंडळ कायद्याशी संघर्ष झालेल्या मुलांसाठी, समिती काळजी आणि संरक्षण हव्या असलेल्यांसाठी. लोक दोन्हींना "ते बाल न्यायालय" म्हणतात. मात्र अपघात झाला त्याच दिवशी जामीन देऊन मंडळ मोकळं झालं, त्यामुळे "घाईत घेतलेला निर्णय" या धाग्याशी ते जुळतं. आणि नंतर लोक संतापून जे म्हणत होते, "याला मोठ्यासारखं वागवा", तेही पोटातूनच आलेलं होतं की. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असला की कलम १५ खाली त्याची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणामांची समज वगैरे आधी तपासायची असते. हे नाजूक काम आहे, तज्ज्ञांची मदत घ्या, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये बजावलंय. बातमी बघून ठरवायची ती गोष्ट नव्हे.

---

बर्लिनचा_बाळू | मंगळवार, दुपारी २.१५

इथल्या देशी व्हॉट्सॅप ग्रुपांवर युगेंडाम्ट म्हणजे इथला बालकल्याण विभाग हा कायमचा बागुलबुवा. नॉर्वेत २०११ मध्ये एका भारतीय जोडप्याची मुलं काढून घेतली, तेव्हापासून परदेशातले सगळे आईबाप टरकून असतात. हाताने भरवणं, मुलाला आपल्या शेजारी झोपवणं यांवर आक्षेप होता असं त्या पालकांनी सांगितलं होतं. ज्या देशात वाढलास त्याच्या नजरेला "बरोबर नाही" असं जे दिसतं ते सगळं धोक्याचं नसतं, खडूस काकांचा मुद्दा तोच.

जर्मन कायद्यातली एक गोष्ट मात्र मला आवडते. मुलाच्या भल्याला धोका आहे अशी ठोस चिन्हं विभागाला दिसली तर तो धोका किती हे एकट्याने ठरवायचं नाही, अनेक तज्ज्ञ कर्मचाऱ्यांनी मिळून ठरवायचं असं कलमातच आहे. एकाची पाल चुकचुकली तर दुसऱ्याला विचारावंच लागतं.

बाकी नॉर्वेलाही नंतर युरोपीय मानवाधिकार न्यायालयात चपराक बसली. सप्टेंबर २०१९ च्या एका निकालात (प्रकरण तिथल्याच एका आईचं) मूल कायमचं दत्तक देऊन टाकताना जुन्या तज्ज्ञ अहवालांवर भिस्त ठेवली, नव्याने तपासलं नाही, हा मुख्य आक्षेप होता.

---

लंडनची_थंडी | मंगळवार, दुपारी ४.५०

मूळ पोस्टमधलं "उभी राहिली ती बसलीच नाही" वाचून अंगावर काटा आला, म्हणून लिहितेय.

इथे व्हिक्टोरिया क्लिंबिए नावाच्या आठ वर्षांच्या मुलीचं प्रकरण झालं. आयव्हरी कोस्टहून नात्यातल्या बाईबरोबर आलेली. फेब्रुवारी २००० मध्ये ती गेली, अंगावर १२८ जखमा मोजल्या. समाजसेवा विभाग, पोलीस, रुग्णालयं, सगळ्यांनी तिला पाहिलं होतं. एका डॉक्टरने व्रण खरजेचे ठरवले आणि पुढच्या बऱ्याच जणांनी तेच धरून ठेवलं. ती त्या बाईसमोर ताठ उभी राहायची. समाजसेविकेने ऐकलं आणि अर्थ लावला की या समाजातल्या कुटुंबांत आदर, आज्ञाधारकपणा महत्त्वाचा असतो, त्यातलंच हे. लॉर्ड लेमिंग यांच्या २००३ च्या चौकशी अहवालात हे सगळं आहे.

खडूस काका, तुमच्या मुद्द्याची ही दुसरी बाजू. "त्यांच्यात असंच असतं" म्हणून डोळे मिटणं हाही पूर्वग्रहच, फक्त सौजन्याचा.

आयलीन मन्रो म्हणून इथल्या अभ्यासक आहेत. त्यांनी १९७३ ते १९९४ मधले ४५ चौकशी अहवाल वाचून १९९९ मध्ये लिहिलं की सगळ्यात मोठा घोळ पहिलं मत न बदलण्याचा. नवी माहिती आली तरी जुन्या मतात कोंबायची. मात्र त्याच बाईंनी २०११ च्या सरकारी आढाव्यात सांगितलं की लेमिंगनंतर नियम आणि फॉर्म इतके वाढले की कार्यकर्ते मुलांपेक्षा संगणकासमोर जास्त बसतात, हे कमी करा. त्यामुळे "फॉर्म की मन" हे भांडणच मला पटत नाही. पहिलं मत फॉर्ममध्ये भरलं की ते आणखी घट्ट होतं, कारण आता ते छापील झालं.

---

खडूस_काका | सायंकाळी ६.२०

@लंडनची_थंडी, मान्य. "सौजन्याचा पूर्वग्रह" ढापतोय.

तरी आपल्याकडचा तोल कुठे जातो ते सांगतो. मी ऊसतोडीच्या पट्ट्यातला. आईबाप सहा महिने कारखान्यावर, पोरं आजीकडे. बाहेरून आलेल्या कार्यकर्त्याला वाटतं, "यांना सोडून गेले." बालगृहात टाका. अरे, कायद्याच्या तत्त्वांतच लिहिलंय, संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. आजीला बालसंगोपन योजनेचे महिना २२५० मिळवून द्या, मग बघा ती "अक्षम पालक" राहते का. गरिबी दिसली की मन कळवळतं आणि कळवळ्याच्या भरात मूल उचललं जातं. दुष्टपणापेक्षा या कळवळ्याची मला जास्त भीती वाटते. हे माझं वैयक्तिक मत.

---

कोडवाला_कोकणी | रात्री ८.०५

आयटीवाल्याने बोललंच पाहिजे असा नियम आहे, म्हणून. हे काम मशिनला द्या ना. अमेरिकेत पिट्सबर्गच्या अ‍ॅलेगेनी काउंटीत २०१६ पासून चालू आहे. फोनवर तक्रार आली की सरकारी नोंदी बघून १ ते २० गुण देतं, चौकशीला जायचं की नाही ते ठरवायला मदत म्हणून. मशिनला चहा पाजून कुणी वळवू शकत नाही.

---

आकडेमोड्या | रात्री ८.३०

मी आकड्यांच्या बाजूचा, पण थांबा. मानसशास्त्रज्ञ पॉल मील यांनी १९५४ मध्येच दाखवलं होतं की बऱ्याच ठिकाणी साधं सूत्र तज्ज्ञाच्या बरोबरीने किंवा जास्त चांगलं भाकीत करतं. पण सूत्राला नोंदी लागतात. सरकारी नोंदी कुणाच्या जास्त? जो सरकारी दवाखाना, सरकारी मदत वापरतो त्याच्या. खाजगी मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणारा बाप त्यात दिसतच नाही. अ‍ॅलेगेनीवरची मोठी टीका हीच. ओरेगन राज्याने त्यावरून बेतलेलं साधन २०२२ मध्ये बंद केलं. शिवाय तिथेही ते फोन आल्यावर चौकशीला जायचं का एवढंच सुचवतं, मूल काढून घ्यायचं का ते ठरवत नाही.

आणि आपल्याकडे नोंदी? १०९८ चा फोन, म्हणजे मुलांसाठीची मदतवाहिनी, २०२३ मध्ये स्वयंसेवी संस्थांच्या जाळ्याकडून सरकारकडे गेला. आधीच्या कॉलच्या वह्या कुठल्या कपाटात आहेत, शोधा.

---

टवाळ_पक्षी | रात्री ८.३३

मशिनला चहा नाही, पण ऑपरेटरला पाजतात.

---

कानडोळा | रात्री ९.४५

मी श्रवणतज्ज्ञ आहे, म्हणून मला त्या पोस्टमध्ये वेगळंच दिसलं. मूल काकूच्या तोंडाकडे बघतं, काकू प्रश्न परत सांगते, मग उत्तर. कमी ऐकू येणारी कितीतरी मुलं नेमकं असंच करतात. सवयीच्या माणसाचे ओठ त्यांना वाचता येतात, परक्याचे नाही. "सांगितल्याबिगर बसत नाही" हेही यात बसू शकतं, कारण "बस" ऐकूच आलं नसेल. भीती नसेलच असं म्हणत नाही. कान तपासलेत का?

---

लंडनची_थंडी | रात्री १०.०१

बाप रे. आणि मी काटा आल्याचं सांगून मोकळी. हा पर्याय डोक्यातच आला नव्हता.

---

जुनीजाणती | रात्री १०.२०

कानडोळा, धन्यवाद. तळ्याकाठी, एका निरीक्षणाचे निदान तीन अर्थ लिहून काढायचे. घाबरते, ऐकू येत नाही, किंवा नुसती लाजाळू आहे. मग प्रत्येकाला विचारायचं, हे खोटं ठरवायला मला कुठे जावं लागेल? कुठे जायचं ते मनाला सुचू दे, पण गेल्यावर जे दिसेल ते कागदावर उतरव. समितीकडे मुदत माग. अहवालाला १५ दिवस असले तरी समितीचा अंतिम निर्णय चार महिन्यांच्या आत व्हायचा असतो, तेवढी जागा कायद्यातच ठेवली आहे. मुलगी तोवर बालगृहात आहे, रस्त्यावर नाही.

---

गवतीचहा | रात्री १०.३०

मी पहिल्या प्रतिसादात जे लिहिलं ते थोडं मागे घेते. बाईचं मन पूर्ण मागे घेत नाही.

---

तळ्याकाठी | पुढच्या बुधवारी, रात्री ११.०५

सगळ्यांचे आभार. घडलं ते सांगते, जेवढं सांगता येईल तेवढं.

वरिष्ठांना निरीक्षण तारखेसह लिहून दाखवलं, तेव्हा त्यांनी "वाटणं" हा शब्द पुन्हा काढला नाही. बरोबर एक सहकारी घेऊन आधी न कळवता घरी गेले. जिल्हा रुग्णालयात कान दाखवले. डावा कान वाहतोय, त्याने फार कमी ऐकू येतं, आणि ते बरेच दिवसांचं असावं. काकू रडली, म्हणाली आम्हाला वाटायचं ऐकूनही न ऐकल्यासारखं करते. म्हणून मारायचे का, हे विचारलं, त्यावर ती गप्प.

मुलीशी समुपदेशक ताई एकटीने बोलल्या, उजव्या बाजूला बसून. काय बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. ती पळून का आली, याचं उत्तर नुसत्या कानात नाही एवढं सांगते. काकाबद्दलची माझी शंका गेलेली नाही, फक्त आता ती तीन मुद्द्यांत लिहिलेली आहे आणि त्यातला एक मुद्दा त्यांच्या बाजूचा आहे. दर महिन्याला शाळेची फी तेच भरतात, पावत्या बघितल्या. समितीने मुदत दिली, मुलगी बालगृहातच आहे, भेटी आमच्यासमोर होतील.

---

खडूस_काका | रात्री ११.३०

वाहणारा कान नमुन्यातल्या कुठल्या रकान्यात लिहिलात?

---

तळ्याकाठी | रात्री ११.३४

आरोग्याच्या. त्या रकान्यात आधी मीच "ठीक" लिहिलं होतं, काकूने सांगितलं म्हणून. आता सगळ्या "ठीक"पुढे कंसात लिहिते, कुणी सांगितलं ते. अहवाल जरा विचित्र दिसतो.

---

जुनीजाणती | रात्री ११.४०

दिसू दे. समितीत असताना असे अहवाल मिळाले असते तर आम्ही भांडून घेतले असते. कानाच्या शस्त्रक्रियेचं विचारून ठेव, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून होतं का ते. शाळेच्या तपासणी पथकाला कळव.

---

कानडोळा | रात्री ११.४२

ऑडिओग्रामचा (ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखाचा) फोटो व्यक्तिगत निरोपातून पाठवा, नाव झाकून. उद्या बघून सांगतो.